खिडकीजवळची आठवण

जबलपूरहून नैनपूर, बालाघाटमार्गे गोंदियास जाणारी अडीच फुटी रुळांची गाडी विसाव्या शतकाच्या आरंभीची. तिचा जबलपूर–नैनपूर टप्पा २०१५ साली बंद झाला. तिच्याविषयीचे स्मरणरंजन शिट्टी, धूर आणि सातपुड्याची वळणे यांतच रमते. ही आठवण खिडकीजवळ बसलेल्याची आहे. ज्याला बाजार, दवाखाना वा कचेरी गाठायची होती, त्याच्या लेखी तिची मंद गती काव्य नव्हती, नाइलाज होता. रुंद रुळांनी वेळ वाचवला, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. वस्तूचा शोक करताना तिच्या आधाराने जगलेल्या माणसांना वगळणारे साहित्य स्मृती जपत नाही, ती केवळ सजवते. इंजिन संग्रहालयात ठेवता येते; प्रवाशाची साक्ष जपणे हे मात्र साहित्याचेच काम आहे.