मकासरला 'काही नाही' म्हणणाऱ्यांसाठी

मंडळी, आज जरा खवचट लिहिणार आहे. विषय: सुट्टीची एक्सेल शीट. आमच्या धंद्यातली माणसं पाठीवर सॅक टाकून भटकायला निघाली तरी आधी शीट बनवतात. बाली तीन दिवस, राजा अंपत पाच दिवस, आणि मधल्या रकान्यात करड्या रंगात 'मकासर, नऊ तास, विमानतळावर झोप'. का रे बाबा? तर म्हणे, "तिथे बघण्यासारखं काही नाही."

कोणी सांगितलं?

बालीहून सोरोंगला जाताना मी मकासरला एक दिवस थांबलो. एका दिवसात शहर कळतं असा माझा मुळीच दावा नाही. पण 'काही नाही' हे विधान खोडून काढायला एक सकाळ पुरते. पाओतेरे बंदरात जा. लाकडी जहाजं एकमेकांना खेटून उभी, आणि अरुंद फळीवरून तोल सांभाळत हमाल गोण्या वाहतायत. ही पिनिसीच्या कुळातली जहाजं. दक्षिण सुलावेसीची ही जहाजबांधणी २०१७ साली युनेस्कोच्या यादीत गेली. आता गंमत बघा. कोमोदो आणि राजा अंपतला ज्या बोटींवर राहण्यासाठी लोक डॉलर मोजतात, त्यातल्या कित्येक ह्याच घाटाच्या असतात. म्हणजे आत एसी आणि गादी असली की हेरिटेज, आणि सिमेंट भरलं की कळकट बंदर. व्वा!

बेटं सुंदर आणि शहर कंटाळवाणं, हा हिशोबच उफराटा आहे. शहर म्हणजे इथला राऊटर. राऊटरचा फोटो कोणी काढत नाही, पण तो बंद पडला की सगळे बोंबलतात. मकासरचे खलाशी डिसेंबरच्या वाऱ्यावर थेट उत्तर ऑस्ट्रेलिया गाठत, समुद्रकाकड्या गोळा करून सुकवत आणि वारा फिरला की परतत. तो माल पुढे चीनला जाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हे चालू होतं. तिथल्या योल्ंगू आदिवासींच्या भाषेत पैशाला 'रुपिया' म्हणतात, तो शब्द ह्या खलाश्यांकडून गेलेला. आपला रुपया, मकासरमार्गे ऑस्ट्रेलियात!

मग फोर्ट रॉटरडॅम. १६६७ च्या बोंगायाच्या तहाने डचांनी हा किल्ला गोवाच्या (आपला गोवा नव्हे, इथलं राज्य) सुलतान हसनुद्दीनकडून घेतला. ह्याच डच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यालाही होती. जावामध्ये १८२५ ते १८३० डचांशी लढलेला राजपुत्र दिपोनेगोरो ह्याच किल्ल्यात कैदी होता. १८५५ साली तो मकासरातच वारला. मला तिथे थिबा राजा आठवला. इंग्रजांनी त्याला ब्रह्मदेशातून उचलून रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१६ साली तो तिथेच गेला. गणपतीपुळ्याला पळणाऱ्या किती गाड्या थिबा राजवाड्यापाशी थांबतात? असो.

आता तुम्ही म्हणाल, रजा मोजून दहा दिवस, तीही मॅनेजरच्या हातापाया पडून मिळालेली. एकदम मान्य. विमानतळावर खुशाल झोपा. पण मग 'दमलो होतो' म्हणा ना! स्वतःच्या झोपेचं खापर पंधरा लाख वस्तीच्या शहरावर कशाला?

आणि 'आम्ही लोकल लोकांत मिसळतो' हे तर बोलूच नका. बेटावर तुम्हाला भेटणारा जवळजवळ प्रत्येकजण तुमच्यासाठीच तिथे असतो: होमस्टेवाला, बोटवाला, डायव्हिंग शिकवणारा. शहरात तुमची कोणाला गरजच नसते. लोसारीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी माणसं बायकापोरं घेऊन येतात, गप्पा छाटत पिसांग एपे खातात. अर्धवट पिकलेली केळी निखाऱ्यावर भाजून, चेपून, वर ताडगुळाचा पाक. (चोतो मकासर हे बीफचं सार आहे, तेव्हा शाकाहारी मंडळींनी केळ्यांवर ताव मारावा.) मी तासभर बसलो. एकही जण टूर विकायला आला नाही. इतकं निवांत मला अख्ख्या बालीत कोणी बसू दिलं नव्हतं.

तर त्या करड्या रकान्याबद्दल. विमानतळ शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे. टॅक्सी करा, आधी पाओतेरे, मग किल्ला. संध्याकाळचं विमान असेल तर लोसारीची केळी हुकतील, तेवढं मात्र खरंच वाईट.