शांत मन आणि शहाणा निर्णय

दर वर्षी २१ जूनला आपल्या महाविद्यालयात सतरंज्या अंथरल्या जातात. २०१५ पासून हा दिवस जगभर योग दिन म्हणून पाळतात. फोटो निघतात, केळी वाटली जातात आणि २२ जूनला सारे सामसूम! यंदा जिमखान्याच्या सरांनी टोकले, म्हणून मी मात्र रोज पहाटे वीस मिनिटे बसू लागलो. योगाने बुद्धी तल्लख होते, निर्णय अचूक होतात, असे व्यासपीठावरून सांगतात. त्याविषयीच लिहायचे आहे.

दिवाळीत मामा आले. एमआयडीसीत हेल्परची जागा होती, कंत्राटदाराच्या हाताखाली. "कॉलेज काय पळून जातंय? रात्रीपर्यंत सांग," म्हणाले. आबा गप्प. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. सोसायटीचे कर्ज आहे, हे मलाही ठाऊक. एरवी मी ताडकन बोलून निघून गेलो असतो. त्या दिवशी ओसरीवर जाऊन बसलो. श्वास सावकाश सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात, यात चमत्कार नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम काढले आणि योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या, त्याला शंभर वर्षे होऊन गेली. माझा राग ओसरला. आबांचा थकलेला चेहरा दिसला.

आणि इथेच गंमत झाली. मन इतके निवळले की मी 'हो' म्हणायलाच निघालो होतो! भांडायची इच्छाच उरली नव्हती.

मित्रहो, शांत मनाला समोरच्याचे म्हणणे नीट ऐकू येते, हे खरे. पण ऐकू येते ते बरोबरच असते, असे थोडेच आहे? मी आत जाऊन विचारले, "मामा, ड्यूटी किती तासांची?"

"बारा."

"आणि परमनंट कधी करतात?"

मामा पानाला चुना लावू लागले.

हे प्रश्न मला श्वासाने सुचवले नाहीत. ते अर्थशास्त्राच्या तासाने सुचवले आणि असेच कामाला जाऊन हात हलवत परतलेल्या गावातल्या दोन पोरांनी. श्वासाने फक्त आवाज चढू दिला नाही. म्हणून बेकार पोराला नुसते 'प्राणायाम कर' सांगणाऱ्यांचा मला राग येतो. (वीस मिनिटे बसूनही येतो!)

"आबा, दीड वर्ष थांबा. मे महिन्यात कामाला जाईन," एवढेच मी म्हटले. आबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मामा एकटेच परत गेले. मार्चअखेरच्या हप्त्याची सोय अजून व्हायची आहे.