हिशेबाची वही : गाडी दुरुस्त करावी की काढावी?

मैत्रिणींनो, गेले पंधरा दिवस आमच्या घरात एकच विषय होता. सकाळच्या चहाला तोच, रात्रीच्या जेवणाला तोच. आमची गाडी!

झालं असं, की संकष्टीला आम्ही राजूरच्या गणपतीला गेलो होतो. जालन्याकडे परतताना निम्म्या वाटेत इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटमधून भसाभसा वाफ निघू लागली. हे रेडिएटरचं झाकण उघडायला धावले, तेवढ्यात एक ट्रकवाला ओरडला, "साहेब, हात नका लावू!" त्याचे उपकारच म्हणायचे. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर उडतं. प्रेशर कुकरची शिट्टी काढून बघण्यासारखंच ते. अर्धा-पाऊण तास थांबायचं आणि मगच हात लावायचा.

गाडी ओढून आणली. मिस्त्रीने ऑइलचं झाकण काढून मला दाखवलं. आत दुधाळ चहासारखा फेस! म्हणजे पाणी ऑइलमध्ये उतरलेलं. "हेड गॅस्केट गेलंय वहिनी, हेडही वाकलेलं दिसतंय. इंजिन खोलावं लागेल. अडतीस हजार धरून चाला."

आमची गाडी पेट्रोलची, लहान. सात वर्षांपूर्वी जुनीच घेतलेली. तिला चौदा वर्षं झाली. घरात लगेच दोन पक्ष पडले. धाकटे भावजी म्हणाले, "करून घ्या, इंजिन नव्यासारखं होईल." हे म्हणाले, "मागच्या वर्षी क्लच आणि ए.सी.ला नऊ हजार घातले, ते वाया घालवायचे का?" सासूबाईंचं तिसरंच. "बैल थकला म्हणून कुणी दावणीचा सोडतं का, बाई?"

मी गप्प होते. कारण घरात त्या घडीला मोकळे पैसे होते ते माझ्या रिकरिंगचे. तीन वर्षं शाळेतल्या अर्धवेळ पगारातून साठवलेले चाळीस हजार. बी.एड.साठी. ते कुणी मागितले नाहीत. पण सगळ्यांच्या बोलण्यात ते होतेच. आणि खरं सांगते, "घ्या" म्हणून देऊन टाकावेत, असं माझ्याही ओठांवर आलं होतं. पण म्हटलं, आधी वही काढू. मग काय ते ठरवू.

पहिलं म्हणजे मागचे नऊ हजार मी हिशेबातून काढून टाकले. ते गेले. नासलेल्या दुधात आणखी साखर घातली म्हणून बासुंदी होत नाही. विचार आजपासून पुढच्या पैशांचा करायचा.

मग बिघाड कोणत्या जातीचा, ते पाहिलं. टायर, बॅटरी, ब्रेक, क्लच प्लेट ही चपलेसारखी झिजणारी वस्तू. ती बदलावी लागली म्हणजे गाडी म्हातारी झाली असं नव्हे. इंजिन आणि गिअरबॉक्स हा मोठा खर्च, पण त्यांचंही काम होऊ शकतं. खरी वाईट गोष्ट म्हणजे सडलेला पत्रा. पायाखालची मॅट उचलून पाहा, दरवाजांच्या खालच्या कडा बोटाने दाबून पाहा. तिथे गंज पोखरत गेला असेल, तर नवं इंजिन बसवणं म्हणजे पडक्या वाड्याला संगमरवरी फरशी. आमचा पत्रा ठीक होता.

दुसऱ्या मिस्त्रीकडून 'कॉम्प्रेशन' तपासून घेतलं. इंजिनाच्या कोणत्या सिलिंडरमध्ये जोर उरला आहे नि कोणत्यात नाही, ते त्यावरून कळतं. काही शेकड्यांचं काम, पण हजारोंचा निर्णय त्यावर ठरतो. आकडा पहिल्या मिस्त्रीएवढाच आला, तेव्हा तो माणूस खरं बोलत होता हे समजलं.

मग कागद. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. हे शुल्क पूर्वी ६०० रुपये होतं, ते १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झालं. वीस वर्षांवरच्या गाडीला तर ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० केलं. शिवाय आपल्या राज्याचा पर्यावरण कर. दिल्लीकडच्या बातम्या वाचून "पंधरा वर्षांनी गाडी जप्त होते" असं सांगणारे नातेवाईक सगळ्यांनाच असतात. तो नियम तिकडचा. आपल्याकडे तपासणीत उतरली नि कर भरला, तर गाडी चालवता येते.

आता मुख्य हिशेब. आहे तशी गाडी विकली तर ४०,००० येत होते. अशीच चालू गाडी जालन्यात ७५,००० ला जाते. म्हणजे ३८,००० घालून किंमत वाढणार ३५,००० नी! "दुरुस्त करून मग विकू" हा विचार तिथेच संपला.

दोन वर्षं ठेवायची म्हटलं तर दुरुस्ती ३८,०००, चार टायर १४,०००, नोंदणी, कर नि तपासणीपूर्वीची किरकोळ कामं मिळून १०,०००. झाले ६२,०००. आज हातात येणारे ४०,००० सोडतो, तेही खर्चातच धरायचे. एकूण १,०२,०००. दोन वर्षांनी विकून ५०,००० आले असं धरलं, तर उरले ५२,०००. चोवीस महिन्यांनी भागले की महिन्याला जवळजवळ २,२००. विमा आणि ऑइल बदलणं वगैरेचे महिना १,०००. म्हणजे पेट्रोलचा थेंबही न घालता ३,२०० रुपये.

एवढं देऊन आम्ही जातो किती? भिंतीवरचं मागच्या वर्षीचं कॅलेंडर काढलं. सिलिंडर, दूध नि पाहुण्यांबरोबर मी गाडीच्या फेऱ्याही त्यावर लिहिते. छत्रपती संभाजीनगरला सासूबाईंच्या डोळ्यांच्या इंजेक्शनसाठी ११ वेळा, राजूरला ४, लग्नकार्यांना ६. वर्षात एकवीस! बाकी सगळा बाजार नि शाळा, तिथे रिक्षा मिळते. एकवीस फेऱ्यांचं पेट्रोल मिळवलं की गाडी महिन्याला ४,७०० ला पडत होती. दवाखान्याच्या अकरा फेऱ्यांना २,५०० प्रमाणे भाड्याची गाडी केली तर महिना २,३००. रिक्षा नि एस.टी.चे हजार धरले, तरी ३,३००. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त आपल्याला अर्धं तिकीट आहे, ते विसरू नका.

हा आकडा पाहून हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि रात्री-अपरात्री आईला काही झालं तर?" प्रश्न खरा होता. १०८ ची रुग्णवाहिका आहे, गल्लीतल्या दोन गाडीवाल्यांचे नंबर फोनजवळ लिहून ठेवले. तरीही दारात गाडी असल्याचा धीर गेला, हे मी नाकारत नाही. आकड्यात न बसणाऱ्याही गोष्टी असतात. त्या शेवटी मांडाव्यात, सुरुवातीला नव्हे.

म्हणून हेच उत्तर तुमचंही, असं समजू नका. माझ्या शेजारीण शिक्षिका अंबडच्या पलीकडच्या गावात रोज जातात. जाऊन-येऊन साठ किलोमीटर, बसची वेळ शाळेशी जुळत नाही. त्यांचं इंजिन असंच गेलं असतं, तर मी "आजच काम करून घ्या" म्हटलं असतं. महिन्याला बावीस दिवस चालणाऱ्या गाडीला ३,२०० रुपये जड नाहीत. आणखी एक पाहावं, ते सुट्या भागांचं. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि जानेवारी २०१४ मध्ये बनायची बंद झाली. तरी गावोगावच्या मिस्त्रींच्या हाताला ती अजून ओळखीची आहे. कमी खपलेल्या गाडीचा मात्र एकेक भाग येईपर्यंत ती आठवडेच्या आठवडे गॅरेजमध्ये पडून राहते.

गाडी अखेर एका मिस्त्रीनेच ४०,००० ला घेतली. त्याला स्वतःच्या हाताने काम करायचं, त्याला परवडतं. सासूबाईंनी जाताना तिला हळदकुंकू लावलं, पुसट आवाजात म्हणाल्या, "सुखी राहा." माझी रिकरिंग तशीच आहे. बी.एड.चा अर्ज मी यंदा भरणार आहे.

वहीत लिहून ठेवा :

• दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्या. सामान नि मजुरी वेगवेगळी मागा. काढलेले जुने भाग परत घ्या.

• एका मिस्त्रीच्या शब्दावर इंजिन खोलू देऊ नका.

• पांढरा दाट धूर म्हणजे पाणी जळतंय, निळसर धूर म्हणजे ऑइल.

• विकताना फॉर्म २९ नि ३० वर सही करून थांबू नका, आर.टी.ओ.त नाव बदललं की नाही ते पाहा. नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. उद्या त्या गाडीने अपघात केला तर जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते.

• भंगारात काढायची तर सरकारमान्य केंद्रातच द्या, जमा केल्याचं प्रमाणपत्र घ्या आणि नोंदणी रद्द करून घ्या. नव्या गाडीच्या करात त्यावर सवलत मिळते. आपल्या जालन्यात भंगार वितळवून सळई करणाऱ्या भट्ट्या आहेत. लोखंड वाया जात नाही. पण कागद तसाच राहिला, तर डोकेदुखी मात्र आपली.