उंदीर गोरा, शिक्का रंगीत



अमेरिकेत सायकॉलॉजीची डॉक्टरेट करायला निघालेल्या आपल्या दोन पोरांनी महिन्याभरात मला एकच सवाल टाकला. विद्यापीठांच्या माहितीपत्रकात पीएच.डी. किंवा साय.डी.च्या खाली लांबलचक यादी असते. न्यूरोसायकॉलॉजी, फोरेन्सिक, हेल्थ, ट्रॉमा, लहान मुलं, लॅटिनो, मल्टिकल्चरल. कुणी त्याला कॉन्सन्ट्रेशन म्हणतं, कुणी एम्फसिस, कुणी ट्रॅक, कुणी सरळ सर्टिफिकेट. यातलं कुठलं घेऊ? सवाल साधा वाटतो, पण त्यात पैसा आहे, आयुष्याची पाच-सहा वर्षं आहेत, आणि उद्या आपल्या माणसांच्या डोक्याला हात कोण लावणार, हेही आहे. म्हणून या खेपेचं संपादकीय त्यालाच.

आधी रोकडा हिशेब. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन मान्यता देते ती क्लिनिकल, कौन्सेलिंग, स्कूल अशा अख्ख्या अभ्यासक्रमाला. त्याच्या पोटातल्या सर्टिफिकेटला वेगळी मान्यता देत नाही. राज्यांची बोर्डं सहसा लायसन्स देतात ते नुसतं 'सायकॉलॉजिस्ट' म्हणून. खास शाखेचा जाडजूड शिक्का मारणारी संस्था तिसरीच आहे, १९४७ साली निघालेलं अमेरिकन बोर्ड ऑफ प्रोफेशनल सायकॉलॉजी. ते बोर्ड डॉक्टरेट, लायसन्स, पुढचं प्रशिक्षण हे सगळं बघून वर परीक्षा घेतं. न्यूरोसायकॉलॉजीचंच बघा. १९९७ साली ह्यूस्टनला परिषद भरली आणि ठरलं की या शाखेत शिरायचं तर डॉक्टरेटनंतर दोन वर्षांची रेसिडेन्सी हवी. म्हणजे पीएच.डी. करताना मिळालेलं न्यूरोचं सर्टिफिकेट हे फार तर वेशीपर्यंत नेणारं तिकीट. गावात शिरायचं तिकीट वेगळं.

नावांचा हा गोंधळ खुद्द असोसिएशनलाही सोसवेना. २०१२ साली त्यांनी चार पायऱ्या ठरवल्या. तोंडओळख, अनुभव, भर आणि मुख्य विषय. हेतू हा की कोण किती शिकवतो ते एका मापात कळावं. तरी माहितीपत्रकं अजून आपापल्या भाषेत बोलतात. एका ठिकाणचं कॉन्सन्ट्रेशन म्हणजे चार विषय, दोन वर्षं प्रत्यक्ष रुग्णांत काम आणि प्रबंधही त्याच विषयावर. दुसऱ्या ठिकाणचं म्हणजे दोन पेपर आणि एक फ्रेम करण्याजोगा कागद. नाव तेच, दाम तेच. अपवादही आहे. न्यू मेक्सिकोने २००२ साली आणि लुइझियानाने २००४ साली कायदा केला, की औषधशास्त्राचं जादा शिक्षण आणि परीक्षा पास केलेल्या सायकॉलॉजिस्टाला मनोविकाराची औषधं लिहून देता येतील. तिथे जादा शिक्षणाला कायद्याचं वजन आहे. बाकी बहुतेकांना बाजाराचं.

आणि बाजार कसा असतो ते सांगतो. चांगल्या पीएच.डी.त बहुतेक ठिकाणी फी माफ होते, वर थोडा भत्ता मिळतो. साय.डी.त बहुतेकदा स्वतःच्या खिशातून, म्हणजे कर्जातून. अरगोसी नावाच्या विद्यापीठात साय.डी.ची दुकानं अनेक राज्यांत होती. २०१९ च्या मार्चमध्ये ते धडाधड बंद झालं. विद्यार्थ्यांच्या नावावर आलेली सरकारी मदत त्यांच्या हातात पडलीच नव्हती. प्रबंध अर्धे, इंटर्नशिप अर्ध्या, कर्ज मात्र पूर्ण. ज्या घरात पहिलाच पोरगा बी.ए. झालाय त्या घराने कर्जाचं नाव ऐकलं की आजा आठवतो आणि सावकाराच्या वहीवरचा त्याचा अंगठा आठवतो. तेव्हा यादीतली रंगीत नावं नंतर. आधी विचारायचं, पैसे कोण देणार.

आता यादीतल्या त्या एका नावाकडे येऊ, मल्टिकल्चरल. मला खरी खाज तिथंच आहे.

फ्रान्सिस समनर हा पहिला काळा माणूस, ज्याला अमेरिकेत सायकॉलॉजीची पीएच.डी. मिळाली. साल १९२०, क्लार्क विद्यापीठ. पुढे हॉवर्ड विद्यापीठात त्याच्या हाताखाली केनेथ क्लार्क शिकला. केनेथ आणि त्याची बायको मेमी, दोघांनी कोलंबियातून डॉक्टरेट घेतली, त्याने १९४० साली, तिने १९४३ साली. हो, तेच कोलंबिया, जिथे बाबासाहेब १९१३ साली पोचले होते. या दोघांनी काळ्या पोरांपुढे काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवल्या. पोरं चांगली म्हणून गोरी बाहुली उचलत होती. त्या कामाचा दाखला १९५४ साली सुप्रीम कोर्टाने शाळांतलं विलगीकरण मोडताना घेतला. या लोकांनी कुठलं मल्टिकल्चरल सर्टिफिकेट घेतलं होतं? त्यांनी मुख्य विद्येच्याच छाताडावर बसून काम केलं.

दरवाजे किती उघडे होते तेही ऐका. १९२० ते १९६६ या काळात तिथल्या दहा नामांकित सायकॉलॉजी विभागांनी साडेतीन हजारांच्या वर डॉक्टरेट दिल्या. त्यांत काळे किती, तर ८. रॉबर्ट गथ्रीने १९७६ साली या विद्येचा इतिहास लिहिला आणि पुस्तकाच्या नावातच सांगून टाकलं की प्रयोगातला उंदीरसुद्धा गोराच होता. १९६८ साली काळ्या सायकॉलॉजिस्टांनी सॅन फ्रान्सिस्कोत स्वतःची संघटना काढली. १९६९ साली काळे विद्यार्थी असोसिएशनच्या अध्यक्षाचं भाषण चालू असताना मंचावर चढले आणि मागण्या मांडल्या. ज्यांच्यावरून १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी 'पँथर' हे नाव उचललं, त्यांचाच हा काळ. १९७३ साली कोलोरॅडोतल्या व्हेल गावी परिषद झाली. जी साय.डी. आज विकली जाते तिला प्रतिष्ठा दिली ती याच परिषदेने. आणि तिथंच असंही मांडलं गेलं की वेगळ्या संस्कृतीच्या माणसांवर उपचार करायची लायकी नसताना उपचार करणं हे अनैतिक आहे. लक्षात घ्या, तिथे सर्वांसाठी नीती सांगितली होती. तिचीच पुढे ज्याला हवी त्याने घ्यावी अशी वैकल्पिक वाटी झाली. ताटात मुख्य भात गोऱ्यांचा, बाजूला चटणी रंगीत.

२०२१ च्या ऑक्टोबरात असोसिएशनने वंशवादातल्या आपल्या वाट्याबद्दल माफी मागितली. २०२५ च्या मार्चमध्ये मान्यता देणाऱ्या तिच्याच आयोगाने, सरकारी दट्ट्याखाली, विद्यार्थी आणि शिक्षक निवडतानाच्या विविधतेच्या अटी तपासणं स्थगित केलं. साडेतीन वर्षं पुरली माफी! अट होती ती लोंबकळली, आणि बाजूची वाटी कधीही उचलता येते.

म्हणून मी त्या सर्टिफिकेटला थुंकतो असं नाही. स्पॅनिशमध्ये उपचार करायला शिकवणारा कोर्स खराच कामाचा, कारण स्वतःच्या भाषेत रडता येणं ही चैन नव्हे. असा कोर्स करा. पण वंश, जात, गरिबी हे दुखण्याचं मूळ असेल तर ते निदानाच्या पहिल्या पेपरात हवं. जात तर त्या वैकल्पिक वाटीतही क्वचित सापडते, आणि इकडून गेलेला प्रोफेसर ती काढू देईल याची खात्री मी देत नाही.

इकडचं सरकारही कमी नाही. २०२२ साली केंद्राने परदेशी शिष्यवृत्तीचे नियम बदलले आणि भारताची संस्कृती, वारसा, इतिहास, समाज यांवरचे विषय बाद केले. म्हणजे पोराने लंडन-न्यूयॉर्कला जावं, उंदराच्या मेंदूवर प्रबंध लिहावा, पण आईच्या छातीतल्या धडधडीवर लिहू नये.

आणि परत यायचं असेल तर आणखी एक. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या आहे आणि ती रिहॅबिलिटेशन कौन्सिलच्या मान्यतेला बांधलेली आहे. सर्टिफिकेटांची माळ घालून आलात तरी इथला कारकून ती मान्यता विचारणार.

तर अर्जाची फी भरण्याआधी विभागाला एक पत्र टाका. या कॉन्सन्ट्रेशनमध्ये विषय किती, प्रत्यक्ष काम किती तास, कुठल्या वस्तीत, मार्गदर्शक कोण, प्रबंध त्यातच करायचा का, आणि गेल्या पाच वर्षांत ते घेतलेल्यांना इंटर्नशिप कुठे मिळाल्या. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना इंटर्नशिपचे आणि लायसन्सचे आकडे जाहीर करावेच लागतात, ते मागा. उत्तर आलं की त्याची एक प्रत इकडे पाठवा, पुढच्या अंकात नावानिशी छापू. उत्तर नाही आलं तर तेही छापू.