काट्याला फाशी देण्याआधी

मामाची हेराल्ड लालबागच्या उड्डाणपुलाच्या चढावर बंद पडली, तेव्हा पेट्रोलचा काटा 'फुल'च्याही पलीकडे जाऊन टेकला होता. मागे बेस्टची बस हॉर्न मारत होती, बाजूने दुचाकीवाले "काका, म्युझियममध्ये ठेवा" म्हणत निघून जात होते. टाकीत थेंबभरही पेट्रोल नव्हतं.

ही गोष्ट सुरू झाली तीन आठवडे आधी. पेट्रोलचा आणि टेम्परेचरचा, असे दोन्ही काटे एकदम वर चढून बसायला लागले. मामा गाडी गॅरेजला घेऊन गेला. गॅरेजचं नाव सांगत नाही, कारण दोष त्या एका गॅरेजचा नाही. तिथल्या माणसाने डॅशबोर्डाखाली डोकंसुद्धा न घालता निकाल दिला : "साहेब, काटा गेलाय. ओरिजिनल आता मिळत नाही. नवीन टाकतो, टेन्शनच नको. टेम्परेचरचं नंतर बघू." साडेचार हजार रुपये. जुना काटा भंगारात.

नवीन काटा बसला त्या दिवशी टाकी अर्धी होती आणि काटा मध्यावर. सगळे खूश. मग पेट्रोल जसं कमी होत गेलं तसा काटा वर चढत गेला. मामाला वाटलं, गाडी ॲव्हरेज द्यायला लागली. खरी गोष्ट अशी होती की जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या टाकीतला सेंडर रिकाम्या टाकीला जास्त रेझिस्टन्स देतो, साधारण अडीचशे ओहमच्या आसपास, आणि भरलेल्या टाकीला तीसच्या आसपास. बाजारातले बरेच नवे काटे नेमके उलट्या हिशेबाचे असतात : रिकाम्याला दहा, भरलेल्याला एकशेऐंशी. टाकी एक भाषा बोलत होती आणि काटा दुसरीच ऐकत होता.

आणि मूळ दोष? डॅशबोर्डामागे काडेपेटीएवढीसुद्धा नसलेली एक पत्र्याची डबी असते. तिच्या स्क्रूखाली गंज धरला होता. पॉलिश पेपरने दोन मिनिटं घासल्यावर तो गेला असता.

माझं भांडण या दोन मिनिटांबद्दल आहे.

*

आधी एक गैरसमज दूर करू. 'क्लासिक ब्रिटिश कार' म्हटलं की डोळ्यांपुढे फोर्टातल्या विंटेज रॅलीतली जॅग्वार आणि तिच्या शेजारी हॅट घालून उभा असलेला उद्योगपती येतो. पण या देशात ब्रिटिश गाडी आपल्या आजोबांच्या बिल्डिंगखाली उभी होती. 1957 पासून 2014 पर्यंत निघालेली अँबेसेडर म्हणजे मुळात मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी सीरिज. 1961 पासून मद्रासला तयार झालेली स्टँडर्ड हेराल्ड म्हणजे ट्रायम्फची हेराल्ड. या घराण्यातल्या गाड्यांची वायरिंगची शाळा लुकासची आणि काट्यांची शाळा स्मिथ्सची. गिरगावात, दादरच्या हिंदू कॉलनीत, परळच्या चाळींच्या चौकात ताडपत्रीखाली अजून अशी एखादी गाडी सापडते. तिचे मालक कोट्यधीश नाहीत. बरेचदा ते रिटायर झालेले असतात आणि मुलांना ती गाडी अडगळ वाटत असते.

आता त्या डबीबद्दल. साठच्या दशकापासून स्मिथ्सचे बरेच काटे बायमेटलचे आले. आत दोन धातूंची जोडपट्टी आणि तिच्याभोवती गुंडाळलेली बारीक तार. करंट गेला की तार तापते, पट्टी वाकते, काटा सरकतो. म्हणून तो इग्निशन लावल्यावर टुणकन उडी मारत नाही, सावकाश वर येतो. पण बॅटरीचा दाब कधी बारा व्होल्ट, कधी चौदा, मग काटा खरं कसं सांगणार? त्यासाठी ही डबी, म्हणजे व्होल्टेज स्टॅबिलायझर. तिच्यातही तशीच पट्टी असते. ती तापली की कॉन्टॅक्ट सुटतो, थंड झाली की जुळतो. या उघडझापीतून काट्यांना सरासरी दहा व्होल्ट मिळतात. डबीचं अर्थिंग तुटलं की तिची पट्टी तापतच नाही, कॉन्टॅक्ट जुळलेलाच राहतो आणि काट्यांना बॅटरीचा पूर्ण दाब जातो. दोघेही एकदम वर.

म्हणून पहिला नियम, जो कुठल्याही जुन्या वायरमनने झोपेतसुद्धा सांगितला असता : दोन्ही काटे एकत्र बिघडले तर काट्यांवर संशय घेऊ नका. दोघांमध्ये सामाईक काय आहे ते बघा. घरातले सगळे दिवे एकदम बारीक झाले तर आपण बल्ब बदलत बसतो का?

एकच काटा बिघडला असेल तर दुसरी तपासणी. टाकीजवळ ठिणगी नको, म्हणून डॅशबोर्डाच्या बाजूने करायची. काट्यामागची, टाकीकडून येणारी वायर काढा आणि इग्निशन लावा. काटा तळाशी राहिला पाहिजे. मग तेच टर्मिनल एका वायरने क्षणभर बॉडीला टेकवा. काटा सावकाश 'फुल'कडे चढायला लागला तर काटा निर्दोष आहे, वायर लगेच काढा. दोष वायरमध्ये, टाकीच्या अर्थिंगमध्ये किंवा सेंडरमध्ये : फ्लोटला भोक पडलेलं असेल, नाहीतर आतली तार झिजलेली असेल. आणि डबी तपासताना डिजिटल मल्टिमीटरचे आकडे नाचायला लागले तर घाबरू नका. जुनी डबी मुळात बंद-चालू होतच काम करते. साधा बल्ब जोडला तर तो लुकलुकताना दिसतो, एवढं पुरतं.

स्पीडोमीटरचंही तेच. काटा थरथरायला लागला की "मीटर गेला". बहुतेकदा गेलेली असते ती केबल, सुकलेली किंवा कुठेतरी जास्त वाकवलेली. आणि खरंच मीटर बदलायचा असेल तर डायलवर छापलेला बारीक आकडा बघा. एका मैलाला केबल किती फेरे घेते, ते तो सांगतो. हा आकडा गाडीगणिक बदलतो. तो न जुळवता दुसऱ्या गाडीचा मीटर बसवला तर तुम्ही साठने जाल आणि काटा पन्नास सांगेल. ई-चलान आलं की भांडायला मीटरवाल्याकडे जाणार का?

यातली एकही गोष्ट रॉकेट सायन्स नाही. लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा मल्टिमीटर, वायरचा एक तुकडा आणि पंधरा मिनिटं. तरीही ती होत नाही. का?

*

सोपं उत्तर : मेकॅनिक आळशी झालेत, चोर झालेत. हे उत्तर आपल्याला आवडतं, कारण त्यात आपण निर्दोष सुटतो.

खरं उत्तर असं की आपण शोधण्याचे पैसे देत नाही. पार्टचे देतो. मिस्त्रीने अर्धा तास डॅशबोर्डाखाली उताणं पडून, तोंडात टॉर्च धरून, स्क्रूखालचा गंज शोधून काढला आणि पाचशे रुपये मागितले, तर आपण काय म्हणतो? "अहो, नुसता स्क्रू तर आवळला!" त्याच माणसाने खोका फोडून चकचकीत नवा काटा बसवला की साडेचार हजार मुकाट्याने मोजतो. मग त्याने शोधायचं कशासाठी? आपणच त्याला शिकवलंय की डोकं फुकट असतं आणि खोका विकत मिळतो.

परळच्याच केईएमच्या ओपीडीत जा. तपासणी आधी, रिपोर्ट आधी, औषध नंतर. डॉक्टरने नाडी न बघता "किडनी बदलू" म्हटलं तर नातेवाईक वॉर्ड डोक्यावर घेतील. निदान हे काम आहे, आणि कदाचित सगळ्यात मोठं काम आहे, हे डॉक्टरच्या बाबतीत आपण मानतो. तेलकट हातांच्या माणसाच्या बाबतीत मानत नाही. याला मी जात म्हणते, हाताने काम करणाऱ्याचं डोकं न दिसण्याची जात.

आणि ही गोष्ट गिरणगावात घडावी, याचा मला जास्त राग येतो. जुनी यंत्रं चालती ठेवणं हा या भागाचा धंदाच होता. गिरण्यांत फिटर होते, वायरमन होते. खात्यात शिरल्यावर नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगणारी माणसं होती. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. यंत्रं भंगारात गेली, जमिनींचे मॉल झाले. त्या यंत्रांबरोबर दोष शोधण्याची एक अख्खी पद्धतही भंगारात गेली. तिचा कुणी पंचनामा केला नाही.

*

आता माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडते.

पहिले, हळवे लोक. 2023 च्या सप्टेंबरात बेस्टची शेवटची डिझेल डबल-डेकर गेली, ऑक्टोबरच्या अखेरीस पद्मिनी टॅक्सी गेली. (पद्मिनीचं घराणं इटालियन, ते सोडा.) आठवडाभर फोनवर अश्रूंचा पूर आला. त्यातल्या किती जणांना टॅक्सीचा जुना मीटर आतून कसा चालायचा याचं कुतूहल होतं? वस्तूवरचं प्रेम तिची ओळख करून घेण्यातून दिसतं. रीलवर हार्ट टाकून दिसत नाही.

दुसरे, डिजिटलवाले. जुन्या डॅशबोर्डात निळा एलईडी डिस्प्ले बसवून "अपग्रेड" म्हणणारे. गाडी तुमची, पैसे तुमचे, माझी हरकत नाही. पण त्याला दुरुस्ती म्हणू नका. सेंडर झिजलेलाच असेल तर डिस्प्ले तेच खोटं दशांश चिन्हासह सांगेल.

तिसरे, सोवळे. प्रत्येक स्क्रू कारखान्यातलाच हवा म्हणणारे. यांच्यामुळे साधी माणसं जुन्या गाडीला घाबरतात. स्टॅबिलायझर जळला असेल तर आत आजच्या काळातला दहा व्होल्टचा रेग्युलेटर बसवा की! उलट तो जास्त स्थिर चालतो. सडलेला सेंडर बदला, भोक पडलेला फ्लोट बदला. बदलण्याला माझा विरोध नाहीच. न तपासता बदलण्याला आहे.

सरकारचं म्हणाल, तर 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा वेगळा नंबर दिला. नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी. चासी, बॉडी, इंजिनात बदल नको. डॅशबोर्डाचा काटा त्या यादीत नाही, तो आपल्या अकलेवर सोडलेला आहे. 2022 च्या डिसेंबरात केंद्राने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टलही सुरू केलं. हक्क मिळाला, छान झालं. पण दुरुस्त करणारा माणूसच उरला नाही तर त्या हक्काचं लोणचं घालायचं का?

*

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे गाडीच नाही, हेराल्ड तर लांबची गोष्ट. हे फोनवर वाचताय ना? तो परवा चार्ज होईना म्हणून दुकानात नेला असता तर काय ऐकू आलं असतं? "बोर्ड गेलाय. नवीन घ्या." कदाचित चार्जिंगच्या खाचेत खिशातला कापूस अडकला असेल. मिक्सर, पंखा, फ्रिज, सगळीकडे तेच वाक्य. मामाचा काटा हे फक्त एक उदाहरण, साठ वर्षं जुनं, उघडून बघता येईल इतकं साधं. म्हणूनच शिकायला उत्तम.

मामाने पुढे चोरबाजारात चार फेऱ्या मारून त्याच जातीचा जुना काटा शोधला. डबीचा स्क्रू आम्ही दोघांनी घासला. मी टॉर्च धरला होता. इग्निशन लावलं आणि दोन्ही काटे सावकाश, अजिबात घाई न करता, आपापल्या जागी येऊन थांबले. मामा म्हणाला, "अगं, एवढंच होतं?" हो, एवढंच होतं.

तर एक मागणं आहे. पुढच्या वेळी कुणी "बदलून टाका" म्हणालं की एकच प्रश्न विचारा : "तपासलंत कसं?" उत्तर आलं नाही तर वस्तू उचला आणि बाहेर पडा. आणि उत्तर आलं, समोरच्याने खरंच शोधून काढलं, भले शेवटी नुसता स्क्रू आवळला, तर घासाघीस न करता त्या शोधण्याचे पैसे द्या. वर चहाही पाजा.