फिटनेसचे सगळे रिपोर्ट नॉर्मल, पण इंजेक्शनचे सांगितले का?

घरात कोणाचे ऑपरेशन ठरले की तयारीची यादी साधारण ठरलेली असते. रक्त-लघवीची तपासणी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, गरज पडली तर टू-डी इको आणि शेवटी फिजिशियनची 'फिटनेस'. सगळे नॉर्मल आले की घरच्यांना वाटते, आता भुलीची काळजी नाही.

पण गेल्या काही वर्षांत औषधांच्या बाजारात एक मोठा बदल झाला आहे आणि तो या रिपोर्टमध्ये कुठेच दिसत नाही. वजन आणि शुगर कमी करणारी, आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शने, आणि शुगर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या गोळ्या, अशी ही दोन प्रकारची औषधे आहेत. दोन्ही उपयुक्त आहेत. पण भूल देणाऱ्या डॉक्टरांना त्यांची माहिती नसेल, तर साधे ठरवून केलेले ऑपरेशनही धोक्यात येऊ शकते. ही माहिती कोणत्याही मशीनवर येत नाही. ती तुम्हीच सांगावी लागते.

नेमके काय बदलले?

सेमाग्लुटाइडची गोळी भारतात 2022 मध्ये आली. मार्च 2025 मध्ये टिर्झेपाटाइडचे 'मौंजारो' आणि जून 2025 मध्ये सेमाग्लुटाइडचे 'वेगोव्ही' ही इंजेक्शने इथे मिळू लागली. मार्च 2026 मध्ये सेमाग्लुटाइडचे पेटंट संपले आणि भारतीय कंपन्यांना ते बनवण्याची वाट मोकळी झाली. गोळ्यांचेही तसेच. डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट 2020 मध्ये, तर एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च 2025 मध्ये संपले.

औषध स्वस्त झाले की ते गरजूंपर्यंत पोचते, ही चांगलीच गोष्ट आहे. अडचण वेगळी आहे. ऑपरेशनच्या आधी 'कोणती औषधे चालू आहेत?' असे विचारले की पेशंट गोळ्यांची पिशवी पुढे करतो. आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन त्या पिशवीत नसते, ते फ्रिजमध्ये असते. काहींनी ते वजनासाठी सुरू केलेले असते आणि घरी कोणाला सांगितलेले नसते. नातेवाइकांसमोर विचारले की ते गप्प बसतात. काहींना ते 'औषध' वाटतच नाही.

गोळ्यांचे तर आणखी फसवे. आपल्याकडे डापाग्लिफ्लोझिन बऱ्याचदा मेटफॉर्मिन किंवा सिटाग्लिप्टिनबरोबर एकाच गोळीत असते. पेशंट सांगतो, 'शुगरची एकच गोळी आहे.' शिवाय याच गोळ्या आता हार्ट फेल्युअर आणि किडनीच्या आजारातही देतात. अशा पेशंटला 'डायबेटिस आहे का?' विचारले तर तो खरेच 'नाही' म्हणतो आणि गोळीचा विषय तिथेच संपतो.

उपाशी राहूनही पोट भरलेले

ऑपरेशनच्या आधी उपाशी का ठेवतात? जागेपणी अन्न चुकून श्वासनलिकेकडे गेले तर आपल्याला ठसका लागतो. पूर्ण भुलीत हा ठसका येत नाही. पोटातले अन्न किंवा आम्ल वर येऊन फुप्फुसात शिरले तर गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. न्यूयॉर्कचे डॉ. कर्टिस मेंडेल्सन यांनी 1946 मध्ये 44,016 गरोदर स्त्रियांच्या नोंदी तपासून असे 66 प्रसंग नोंदवले होते. ऑपरेशनआधीच्या उपवासाच्या आजच्या नियमांमागे त्या कामाचा मोठा वाटा आहे.

सर्वसाधारण नियम असा आहे: हलके जेवण 6 तास आधी, तेलकट किंवा मांसाहारी जेवण 8 तास आधी आणि साधे पाणी 2 तास आधी थांबवायचे. हे तास निरोगी पोटाचा वेग धरून ठरवलेले आहेत. सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइडसारखी औषधे पोट रिकामे होण्याचा वेगच कमी करतात. म्हणून तर थोडे खाल्ले तरी बराच वेळ पोट भरल्यासारखे वाटते. अशा काही पेशंटमध्ये रात्रभर उपाशी राहूनही सकाळी पोटात घट्ट अन्न आढळले आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या औषधांच्या माहितीपत्रकात भुलीच्या वेळच्या या धोक्याची सूचना घातली. जानेवारी 2025 मध्ये ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनीही डॉक्टरांना आणि पेशंटना सावध केले.

असा प्रसंग क्वचितच घडतो, पण घडला तर गंभीर असतो. आणि भूलतज्ज्ञांना आधी कळले तर तो बहुतेक वेळा टाळता येतो. ते पोटाची छोटी सोनोग्राफी करून अन्न आहे का ते पाहू शकतात, श्वासनलिकेत नळी पटकन घालून मार्ग सुरक्षित करण्याची वेगळी पद्धत वापरू शकतात, किंवा ऑपरेशन थोडे पुढे ढकलू शकतात.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. झपाट्याने वजन उतरले की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. म्हणजे पित्ताच्या खड्यांचे ऑपरेशन ज्यांना लागते, त्यांच्यातच असे इंजेक्शन घेणारे काही जण असणार.

शुगर नॉर्मल, तरी रक्तात आम्ल

'ग्लिफ्लोझिन' गटातल्या गोळ्यांचा धोका वेगळा आहे. शरीर उपाशी असते, ऑपरेशनचा ताण असतो, आणि गोळी लघवीवाटे साखर बाहेर टाकत असते. अशा वेळी शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात कीटोन नावाची आम्ले साठतात. याला कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात. नेहमीच्या कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये शुगर 300-400 असते, त्यामुळे लगेच संशय येतो. इथे शुगर 150-200 सुद्धा असू शकते. ग्लुकोमीटरवर आकडा चांगला दिसतो आणि पेशंट मात्र खालावत जातो. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप, गळून जाणे ही लक्षणे 'भुलीमुळे होतेय' म्हणून सोडून दिली जातात. रक्तातील कीटोनची तपासणी केली तर निदान होते. पण ती करायची आठवण येण्यासाठी गोळीचे नाव आधी माहीत हवे.

मग ही औषधे स्वतःच बंद करायची का?

नाही. इथे सल्ले कसे बदलत गेले ते समजून घ्या, कारण इंटरनेटवर जुने आणि नवे सल्ले एकत्रच फिरत आहेत.

जून 2023 मध्ये अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितले होते की आठवड्याचे इंजेक्शन ऑपरेशनच्या एक आठवडा आधी थांबवावे. पण सेमाग्लुटाइडचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायलाच सुमारे एक आठवडा लागतो. एक डोस चुकवला तरी औषध बऱ्यापैकी शिल्लक असते. सेमाग्लुटाइडची रोजची गोळी फक्त ऑपरेशनच्या सकाळी टाळून तर जवळपास काहीच फरक पडत नाही. उलट औषध अनेक आठवडे बंद ठेवले तर डायबेटिसच्या पेशंटची शुगर वाढते आणि जखम भरायला त्रास होतो. म्हणून ऑक्टोबर 2024 मध्ये पाच संघटनांनी मिळून सल्ला सुधारला: बहुतेकांनी औषध चालू ठेवायला हरकत नाही, पण प्रत्येक पेशंटचा धोका आधी तपासावा. डोस नुकताच सुरू केला किंवा वाढवला असेल, डोस मोठा असेल, मळमळ-उलटी-पोट फुगणे चालू असेल, तर धोका जास्त. अशांना ऑपरेशनच्या आधी 24 तास फक्त पातळ पदार्थांवर ठेवण्याचा सल्ला आहे.

'ग्लिफ्लोझिन' गोळ्यांबाबत मात्र थांबवण्याचाच सल्ला आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसाठी अमेरिकेच्या एफडीएने 2020 मध्ये किमान 3 दिवस आधी बंद करायला सांगितले. ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी 2025 मध्ये आदला दिवस आणि ऑपरेशनचा दिवस एवढेच पुरेसे मानले. हार्ट फेल्युअरच्या पेशंटमध्ये ही गोळी हृदयासाठी चालू असते, त्यामुळे किती दिवस थांबवायची हे तुमचे फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ मिळून ठरवतील. ऑपरेशननंतर नीट खाणे-पिणे सुरू झाल्यावर ती परत कधी घ्यायची, हेही विचारून घ्या.

आदल्या संध्याकाळची फिटनेस पुरत नाही

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे फिटनेस अनेकदा ऑपरेशनच्या आदल्या दिवशी घेतली जाते आणि भूलतज्ज्ञ पहिल्यांदा भेटतात ते ऑपरेशनच्या दिवशी सकाळी. तीन दिवस आधी बंद करायची गोळी आदल्या रात्री कशी बंद करणार? चोवीस तास पातळ आहार त्या सकाळी कसा सुरू करणार? मग ऑपरेशन रद्द होते, किंवा धोका पत्करून केले जाते.

म्हणून ठरवून करायच्या ऑपरेशनआधी किमान आठवडाभर भूलपूर्व तपासणी मागा. हॉस्पिटलला स्पष्ट विचारा, 'भूलतज्ज्ञ आधी कधी भेटतील?' असे विचारण्यात काही गैर नाही. भूल देऊन किंवा गुंगी आणून करायच्या एंडोस्कोपी, कोलोनोस्कोपीलाही हेच लागू आहे. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालची भूल असली तरी सांगा, कारण काही वेळा मध्येच पूर्ण भूल द्यावी लागते.

भूलतज्ज्ञांना हे सांगा

- सगळ्या औषधांची पाकिटे दाखवा, फ्रिजमधल्या इंजेक्शनचाही फोटो घ्या. नावाचा शेवट पाहा: 'ग्लुटाइड' किंवा 'पाटाइड' असेल तर पोटाचा वेग कमी करणारे औषध, 'ग्लिफ्लोझिन' असेल तर लघवीवाटे साखर काढणारे. 'ग्लिप्टिन' हा गट वेगळा आहे, पण तेही नाव सांगा.
- शेवटचा डोस कोणत्या तारखेला घेतला आणि डोस अलीकडे वाढवला का.
- मळमळ, उलटी, पोट गच्च वाटणे आहे का. ऑपरेशनच्या सकाळी असेल तर तेव्हाही सांगा.
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, आयुर्वेदिक किंवा वजनाची पावडर काही चालू आहे का.
- आधी कधी भूल दिली तेव्हा त्रास झाला होता का, घरात कोणाला झाला होता का.
- झोपेत जोरात घोरणे, दमा, हलणारे दात, तंबाखू, दारू.

वजनाच्या इंजेक्शनबद्दल घरच्यांसमोर बोलायचे नसेल, तर डॉक्टरांना दोन मिनिटे एकट्याने भेटायला मागा. तुमची ही माहिती तुमच्या परवानगीशिवाय घरच्यांना सांगितली जात नाही.

आणि ऑपरेशन तातडीचे असेल, तयारीला वेळच नसेल, तर निदान एक वाक्य सांगा: 'हे इंजेक्शन चालू आहे, शेवटचे अमुक वारी घेतले.' पेशंट बोलू शकत नसेल तर नातेवाइकांनी सांगावे. तेवढ्यावरून भूलतज्ज्ञ पोट भरलेले आहे असे धरून भूल देतात. म्हणून घरात असे औषध कोणाचे चालू असेल, तर त्याचे नाव आणि वार निदान एका माणसाला तरी माहीत असू द्या.