प्रांत नसलेली भाषा

शहाड स्थानकाबाहेर पडताच सुरू होणारे उल्हासनगर हे फाळणीने वसविलेले शहर होय. महायुद्धकाळातील कल्याणच्या लष्करी छावणीत १९४७ नंतर सिंधी निर्वासित राहिले. १९४९ साली छावणीचे उल्हासनगर झाले. निर्वासितांनी स्वकष्टाने घरे व धंदे पुन्हा उभे केले; गेलेला प्रांत मात्र परत आला नाही. मराठीला १९६० साली राज्य लाभले. सिंधीला १९६७ साली आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, राज्य नव्हे. ज्या भाषेत सरकारी कामकाज नाही आणि नोकरी नाही, तिच्या शाळेत मूल घालण्यास पालक कचरतो. हा दोष पालकाचा नव्हे, अर्थव्यवस्थेचा आहे.

आता मोबाईलवरील ध्वनिचित्रफितींनी भाषा तरेल, असा आशावाद ऐकू येतो. त्यात तथ्य आहे. सिंधीची लिपी अरबी वळणाची असावी की देवनागरी, या वादात आजोबांचे लिखाण नातवाला वाचता येईनासे झाले. आजोबांचे बोलणे मात्र त्याला ऐकता येते. श्वास आत ओढून उच्चारलेली सिंधीची चार व्यंजने देवनागरीत अक्षराखाली रेघ देऊन दाखवितात. पण रेघ पाहून उच्चार येत नाही, तो कानानेच शिकावा लागतो.

तथापि यूट्यूबसारखी माध्यमे खासगी भांडवलाच्या मालकीची आहेत. तेथील कमाई मुख्यतः जाहिरातींची, आणि जाहिरात गर्दीच्या मागे जाते. २०११ च्या जनगणनेत कच्छीसह सिंधी भाषक सुमारे २८ लाख होते, तेही अनेक राज्यांत विखुरलेले. अंबरनाथ-बदलापूर परिसरातील वाड्यांवरच्या कातकरी बोलीला तर अनुसूचीचेही छत्र नाही. जी भाषा बाजारामुळे मागे पडली, तिचे रक्षण बाजारावरच सोपविणे हा विपरीत न्याय होय.

शिवाय चित्रफीत बोलते, पण उत्तर मागत नाही. भाषा जगते ती प्रत्युत्तराने: घरात, वर्गात, दुकानात. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयीची जबाबदारी घटनेच्या ३५०-अ कलमाने राज्यांवर व स्थानिक संस्थांवर टाकली आहे. म्हणून मागणी स्पष्ट हवी: वृद्धांचे बोलणे मुद्रित करून ते सार्वजनिक ग्रंथालयात विनामूल्य उपलब्ध व्हावे, आणि नगरपालिका व महापालिकांच्या शाळांत सिंधीला व कातकरीला तास मिळावा. साने गुरुजींच्या आंतरभारतीचा वारसा सांगणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही मागणी मराठीतून करावी. शेजाऱ्याच्या भाषेसाठी भांडणाऱ्यालाच स्वभाषेचा अभिमान शोभतो.